पोरगी हसत गेली

आबा, काकांच्या मुलाचा फोन आला होता. तुमच्या जन्मशताब्दीनिमित्त घरच्या घरी एक पुस्तिका छापायची आहे आणि नात म्हणून मीही दोन पानं लिहावीत, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की दोन पानं माझ्याजवळ आहेत, फक्त ती छापण्यासारखी नाहीत.

तुम्ही मुळातच वाईट होतात असं लिहिलं तर माझं काम सोपं होईल, पण ते खरं नाही. वाचायला मला तुम्हीच शिकवलंत. ओट्यावर पेपर पसरून मथळ्याच्या एकेका अक्षरावर माझं बोट ठेवायचात. बाबांना धंतोलीच्या दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं, त्या दिवशी मी दिवसभर तुमच्याच कडेवर होते. म्हणून तर पुढे तुमच्यावर मी कधी संशय घेतला नाही. आईनेही घेतला नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. खाप्याच्या शाळेतल्या एका विधुर मास्तरांशी तिचं लग्न ठरलं आणि तिने तुम्हाला सांगितलं, की पोरगी माझ्याबरोबर येईल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिला वाटलं, तुम्ही मान्य केलं.

मग एका शुक्रवारी जेवताना तुम्ही म्हणालात, "उद्या पोरीले घेऊन जातो. जंगल नाही पाहिलं तिनं अजून." शनिवारी सकाळी आईने माझ्या दोन वेण्या घालून रिबिनी बांधल्या आणि फाटकाशी उभी राहून म्हणाली, "आबाचा हात सोडू नको वं." मी आधीच रिक्षात चढले होते. आजी पिशवी सांभाळत बसत होती आणि मी हसत होते. मी मागे वळून पाहिलं नाही.

आधी सीताबर्डीला गेलो. दिवाळीला एक पुस्तक, याच्या पलीकडे तुम्ही कधी गेला नव्हतात. त्या दिवशी दुकानात शिरताच म्हणालात, "घे, पाहिजे तेवढी घे." मी आधी तुमच्या तोंडाकडे पाहिलं, मग मांडणीकडे. परीकथा घेतल्या, प्राण्यांची चित्रं असलेलं मोठं पुस्तक घेतलं. मग आपण फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. तिथे मला भरतकामाच्या नमुन्यांचं एक पुस्तक सापडलं. मी विचारलं, "हे आईसाठी घेऊ?"

आजी एकदम रस्त्याकडे पाहायला लागली. तुम्ही मात्र जराही अडखळला नाहीत. "घे ना," म्हणालात, आणि दुकानदाराला सांगितलंत, "हे कागदात नीट बांधून द्या." आबा, बाकीचं सगळं एखाद वेळेस समजून घेता येईल. तरणाताठा मुलगा गेलेला, त्याची एकच पोर, ती दुसऱ्याच्या घरी जाणार. पण ते पुस्तक तुम्ही कागदात बांधून घेतलंत. तेव्हा आई घरात शेवटचे काही तास होती, हे तुम्हाला ठाऊक होतं.

एसटीने साकोली आणि तिथून तुमच्या ओळखीच्या वनखात्यातल्या साहेबांच्या जीपने अभयारण्यातलं विश्रामगृह. संध्याकाळी तळ्याकाठच्या मचाणावर बसलो. मला शिंक येत होती म्हणून तुम्ही तंबाखूच्या वासाचा तळवा माझ्या तोंडावर धरलात. तेवढ्यात समोरच्या बांबूतून गवा बाहेर आला. तुम्ही कानात म्हणालात, "आता हळूच श्वास सोड." गवा पाणी पिऊन निघून गेला तरी तुमचा हात तसाच होता. आजी विश्रामगृहाच्या खोलीतच थांबली होती. ती त्या रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पित्त झालं मले."

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. वलणीवर आईचं एकही लुगडं नव्हतं. मी कागदात बांधलेलं पुस्तक हातात घेऊन मागच्या अंगणापर्यंत जाऊन आले.

"आई कुठं गेली?"

तुम्ही बूट सोडत होतात. "खाप्याले गेली. तिचं घर आता तिकडं आहे."

"मले न घेता?"

"तिले नवा संसार करायचा आहे. तू काहून पाहिजे तिले तिथं? जा, हातपाय धू."

पुढची कित्येक वर्षं मी तिचा राग करत राहिले. तो राग तुम्ही मला पुस्तकांसारखाच आणून दिला होता. मी कॉलेजात असताना एका दुपारी तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होतात आणि आजी अंबाडीची भाजी निवडत बसली होती. भाजीवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुही माय गेली नाही बाई. तिले घालवली." त्या शनिवारी काकांनी आईला सांगितलं होतं, की पोरीला रायपूरच्या नातेवाईकांकडे शाळेत घातलंय, तू या घरात आहेस तोवर ती परत येणार नाही. आणि तुम्ही त्यांच्या तोंडी घातलेलं शेवटचं वाक्य असं होतं, की पोरगी स्वतःच म्हणाली, मला आईसंग जायचं नाही. ती कशी हसत गेली ते तू पाहिलंच ना. आईने पाहिलं होतं. "मले सगळं माहीत होतं," आजी म्हणाली, "म्हणून तर तिकडं घास उतरला नाही." नंतर, मी नागपुरातच आहे हे कळल्यावर, आई दोनदा माझ्या शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. तिला आत सोडायचं नाही, असं तुम्ही शाळेत सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खाप्याची बस धरली. तुमच्या घरी परत आले नाही.

माझं लग्न खाप्याला, शाळेच्या पटांगणात झालं. पत्रिकेवर आईचं आणि मास्तरांचं नाव होतं. तुम्हाला पत्रिका पाठवली नव्हती, तरी तुम्ही आलात. काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून मागच्या खुर्चीवर बसलात. नंतर अक्षता टाकायला पुढे आलात तेव्हा माझ्या आतेसासूबाईंनी विचारलं, "हे म्हातारे कोण वं?" तुम्ही हाताच्या अंतरावर होतात. ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "नागपूरचे आहेत. बाबांच्या ओळखीचे कोणी असतील." तुमच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. पंगतीत तुम्हाला कोणी आग्रह केला नाही, कारण तुम्ही कोण ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्या दोघांना ठाऊक होतं ते दोघं, माझी आई आणि मास्तर, माझ्याकडे पाहून गप्प राहिले. तुम्ही एकटेच बसस्टँडकडे चालत गेलात. मी पाहत होते. त्या दिवशी मी पोटभर जेवले. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हाही मी नागपूरला आले नाही. सूड घेऊन मन शांत होत नाही असं लोक सांगतात. माझं झालं, आबा. पुष्कळ झालं.

आई आता माझ्याकडेच असते. आतल्या खोलीतून तिने दोनदा विचारलं, काय लिहून राहिली? मी म्हटलं, काही नाही. हे मी तिला वाचून दाखवू शकत नाही. बस धरून मी पहिल्यांदा खाप्याला पोचले आणि ती ओल्या हातांनी दारात आली, तेव्हा मी तिला पहिली गोष्ट सांगितली, की जंगलात मी तुझ्यासाठी रात्रभर रडले होते. ती अजून कोणी आलं-गेलं की हे सांगते. मी रडले नव्हते. मचाणावर तुमचा हात तोंडावर असताना मी मनात म्हणत होते, की आपण घरी परत जायलाच नको.