सातवी खुंटी

मारेगाव
१० नोव्हेंबर १९५८

चि. श्रावण यास अक्काचे अनेक आशीर्वाद अन् जयभीम.

पत्र माह्याच हातचं हाये, चुका काढू नको. प्रौढांच्या वर्गात दोन वर्षं पाटी घासली, आता कोणाले पत्र लिवून मागत नाई.

आईच्या डोळ्याचं लिवते. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं का उजेड फार तं वर्षभर टिकन. तिचं एकच म्हणणं हाये, डोळे हायेत तवरक श्रावणले पाहायचं. तुले रजा भेटत नाई तं बदली माग. पांढरकवड्याच्या जंगल हापिसात मी दोन खेपा घालून आली.

इथं लोक हासतात. डोमाजीच्या पोराले सरकारनं समुद्रावर वाळू राखाले ठेवलं म्हणतात. मी भांडते त्यायच्याशी, पण मनात मलेही वाटते, वाळू कोण नेते बाप्पा?

लोभ हाये, तो वाढवाले घरी ये.

तुही अक्का,
कौसल्या


खारवाडी, जि. रत्नागिरी
२ डिसेंबर १९५८

ती. अक्कास श्रावणचा सप्रेम जयभीम. वि. वि.

वाळू नेतात, अक्का. ठेकेदाराच्या बैलगाड्यांनी दोन वर्षांत किनाऱ्यावरची अर्धी टेकडी नेली. ही वाळूची टेकडी म्हणजे इथल्या कोळ्यांच्या वाडीचा बांध. तिला भगदाड पडलं, तिथून उधाणाचं पाणी आत शिरलं आणि वाडीची एकुलती गोडी विहीर खारट झाली. बाया आता कोसभरावरून पाणी आणतात. त्यांना पाहून मले तुझ्या डोक्यावरची घागर आठवते.

टेकडी पुन्हा उभी करायची, हे माझं काम. वाऱ्यानं उडणारी वाळू कुंपणापाशी अडवायची आणि तिच्यावर मर्यादवेल लावायची. ही वेल खाऱ्या वाळूत पसरते आणि तिला धरून ठेवते. शिवाय दहा खुंट्या रोवल्या आहेत. दर महिन्याला त्यांच्यावर वाळू किती चढली ते लिहायचं. आधी रंगाच्या रेघा मारल्या होत्या, त्या कुणीतरी रातोरात खरवडल्या. मग मी चाकूनं खोल खाचाच पाडल्या. आता खरवडा म्हणावं.

पण कुंपण फसलं. आपल्या वावराले करतो तसं काट्यांचं गच्च कुंपण केलं, कुत्रंही शिरणार नाही असं. तर वाळू साचायची सोडून बुडातूनच उकरून गेली. साहेब पोट धरून हसले.

आईले सांग, रजेचा अर्ज पुन्हा टाकला आहे. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा,
श्रावण


मारेगाव
५ जानेवारी १९५९

चि. श्रावण यास आशीर्वाद अन् जयभीम.

खळ्यावर लहानाचा मोठा झाला अन् विसरला काय? ज्वारी उपणतानी बाबानं वाऱ्याच्या तोंडाले गच्च तट्टा कधी लावला होता? गच्च तट्ट्यावर वारा आपटते, गिरकी घेते अन् भुशासंगं दाणेही घेऊन जाते. तुराट्यांची विरळ ताटी लावली का वारा तिच्यातून गाळून येते, दमते, अन् जे आणलं ते तिच्या मांगंच टाकून देते. अर्धी काडी ठेव, अर्धी फट ठेव. साहेबाले हे समजत नसन तं मारेगावले पाठव, आमच्या खळ्यावर शिकवतो.

आईले आता उजव्या डोळ्यानं माणूस सावलीवानी दिसते. पांढरकवड्यात एक जागा रिकामी होऊन राह्यली असं कानावर आलं. वरून कागद निघाला पाहिजे म्हणतात. तेवढं पाहा.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुही अक्का,
कौसल्या


खारवाडी
९ ऑक्टोबर १९५९

ती. अक्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी ताटी चालली. पावसाळ्याआधीच तिच्यामागे हातभर वाळू बसली. वाडीतल्या बायांनी वेल लावली आणि भगदाड बुजत आलं. विहिरीचं पाणी अजून मचूळ आहे, पण पिता येतं. वाडीची वच्छलाबाई तर मी खुंट्या मोजायला निघालो की मागोमाग येते आणि मी नीट मोजतो की नाही ते बघते.

फक्त सातव्या खुंटीपाशी वाळू खाली चालली आहे. ती खुंटी उत्तरेच्या टोकाला आहे आणि तिथं ठेकेदार अजून खणतो. तिच्या चार खाचा उघड्या पडल्या.

काल साहेबांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक माझ्या बदलीचा, पांढरकवड्याच्या जागेचा. दुसरा अहवाल, त्यात दहाही खुंट्यांवर वाळू चढली असं लिहिलेलं. त्या अहवालावर ठेकेदाराचा परवाना पुन्हा निघणार आहे. मी सही केली की बदलीचा कागद सुटेल. नाही केली तर तीन वर्षं इथंच, आणि रजेचं नाव काढायचं नाही.

मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. खोटं लिहिण्याची लाज वाटते, पण आईचे डोळे आठवले की हात त्या कागदाकडे जातो. तू सांगशील तसं करीन.

तुझा,
श्रावण


मारेगाव
१९ ऑक्टोबर १९५९

चि. श्रावण यास आशीर्वाद अन् जयभीम.

तुह्यं पत्र आईले वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं नाई. खरं सांगते, माह्या मनात आलं का कर सही अन् ये घरी. मी तसं लिवालेही बसली होती. आईनं माहा हात धरला अन् बाबाच्या अंगठ्याची गोष्ट काढली.

तू तवा पाळण्यात होता. गावच्या इहिरीवर आपल्या लोकायले बंदी होती अन् साहेब चौकशीले आलता. कागदावर लिवलं होतं का बंदी नाई, सारे पाणी भरतात. पाटलानं चाकरीवरून काढायची धमकी देल्ली, बाबानं अंगठा लावला. आई म्हणते, मरेपर्यंत तो अंगठा धोतराले पुसत राह्यला, शाई कवाचीच गेलती तरी.

बाबाले वाचता येत नव्हतं अन् घरात चार तोंडं होती. तुले वाचता येते, अन् आमी दोघी आमचं कमावून खातो. तुले कायची भीती हाये?

सातव्या खुंटीचं जे हाये ते लिव. चारी खाचा लिव. कागद साहेबाले देल्ल्याच्या आधी वच्छलाबाईच्या ओट्यावर साऱ्या बायांपुढं मोठ्यानं वाच. वाडीनं आकडे ऐकले म्हणजे मंग ते बदलणं सोपं नाई. बदलीचा कागद साहेबालेच ठेवू दे.

तीन वर्षं ठेवतात तं ठेवू दे. कापूस येचून झाला का जानेवारीत आमीच येतो. आई म्हणते, तवरक डोळे गेले तं गेले, श्रावणचं तोंड हातानं पाहीन. अन् मंग मले त्या सातव्या खुंटीपाशी ने म्हणते. खाचा तिले बोटानं मोजता येतात.

लोभ हायेच. सही मात्र आपल्याच कागदावर कर.

तुही अक्का,
कौसल्या