टीव्हीतली माणसं बोलत नव्हती

मंगळवार, संध्याकाळ



दुपारी औरंगपुऱ्यातला फिटिंगवाला येऊन टीव्हीचा डिजिटल आवाज सुधीरच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला देणारी डबी बसवून गेला. गाणं लावून दाखवलं, झकास वाजलं. नंतर मी एकटीच मराठी सिनेमा लावून बसले. पाऊस ऐकू येत होता, दार आपटलेलं ऐकू आलं, पण माणसांचे नुसते ओठ हलत होते. आईचं असंच सुरू झालं होतं. भांडं पडलेलं कळायचं, बोललेलं नाही. माझ्याच वयात. मी आवाज वाढवत गेले. पाऊस वाढला, ओठ तसेच.

सुधीर ऑफिसातून आला, शेजारी बसला, आरामात बघायला लागला. "मस्त येतोय गं आवाज," म्हणाला. म्हणजे नवऱ्याला येतंय आणि मला नाही. मी रिमोट खाली ठेवला.

मग फिटिंगवाल्याचा फोन आला. "मॅडम, टीव्हीत एक सेटिंग करायची राहिली बघा. माणसांचं बोलणं ज्या मधल्या स्पीकरला जातं, त्याचा आवाज ती डबी सोडून देती. गाणं वाजतं, पण सिनेमातलं बोलणं कोणालाच ऐकू येणार नाय. सकाळी येऊन करून देतो."

कोणालाच नाही. इतकं हलकं वाटलं की हसू आलं. मग सुधीरकडं लक्ष गेलं. तो त्या हलणाऱ्या ओठांकडं बघत मान डोलावत होता.

त्याला आज काहीच वेगळं वाटलेलं नाही. माझ्याशी बोलताना तो कधीपासून माझे ओठ बघतोय?