मिठाच्या पाण्यातले दिवे

चामराजपेट, बंगळूर
१८ एप्रिल १९६३

तीर्थस्वरूप उपेंद्रअण्णांस,

पद्माकरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा कारवारच्या हवेत बरा झालाच असेल. (तिथे सगळंच बरं होतं.)

मी कारखान्यात विजेचा इंजिनियर, म्हणून तुमच्या समुद्राकाठच्या बागेसाठी दिवे निवडायचं काम तुम्ही मला दिलंत. आमच्याकडे बाग नाही. परसात नळ, तुळस आणि घरमालकाची सायकल आहे. तुमचं पत्र शुभदाने मोठ्याने वाचलं. ‘माडांखाली दिवे’ इथे ती थांबली आणि नळाकडे बघत राहिली. ते दिवे तुम्हाला मिळू नयेत, असं मला तेव्हाच वाटलं. पण काम ते काम.

जमीन ओली, मुलं अनवाणी फिरणार, म्हणून बारा व्होल्टचे दिवे आणि एक ट्रान्सफॉर्मर ठरवला. (तारेला हात लागला तरी धक्का बसत नाही.) प्रश्न खाऱ्या हवेचा होता. नमुन्याला एक लोखंडी आणि एक पितळी दिवा आणला. बंगळुरात समुद्र नाही. शुभदाने मिठाच्या पाण्यात कैऱ्या घातल्या होत्या, त्याच बरणीत दोन्ही दिवे बुडवले. तिला सांगायचं राहिलं. आठवड्याने तिने बरणी उघडली. लोखंड गंजलं होतं, कैऱ्या काळ्या पडल्या होत्या, पितळ नुसतं हिरवटलं होतं.

“पितळी टिकला!” मी म्हणालो.

“तुम्ही नाही टिकणार,” शुभदा म्हणाली.

घरमालकीण गंगव्वा भिंतीवरून डोकावल्या. “शुभदाक्का, स्वल्प तिखट जास्त घाल. कोणाला कळतंय?”

समजूत काढायला मी पितळी दिवा चिंचेने घासला आणि संध्याकाळी तुळशीपाशी लावला. सायकलसुद्धा बरी दिसली. शुभदा बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “भावोजींकडे असंच दिसेल?”

“छे,” मी म्हणालो, “एवढ्या समुद्रापुढे दिवा कुठला दिसायला!”

ती हसली. त्यामुळे तुम्हाला कळवणं भाग आहे की समुद्राकाठी असले दिवे शोभत नाहीत. अंधारच बरा. शिवाय दुकानात पितळी दिवे आता उरलेले नाहीत.

वहिनींना नमस्कार.

आपला,
पद्माकर

ता. क. दुकानात उरलेले पाचही आमच्या परसात लागले आहेत.

पुन्हा ता. क. दोन पोती वाळू पाठवा, नळाभोवती पसरायची आहे. मात्र गोड्या पाण्याने नीट धुवून पाठवा. मिठाने दिवे खराब होतात.