नानांनी पाठवलेली मुळी

चाळीसगाव

ती. नाना,

तुमच्या धाकट्या भावाला, आमच्या आबांना, काल धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. हाडांच्या कॅन्सरच्या दुखण्यावर त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. साक्रीहून तुम्ही पाठवलेली मुळीची पूड ते सोबत दुधातून घेत होते, हे मात्र डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. पुडीने आबांना गाढ झोप लागायची, म्हणून मीही खूश होते. मग एका दुपारी हाका मारल्या तर ते उठेनात. श्वास इतका मंद झाला होता की मी नाकाशी बोटं धरून बसले.

डॉक्टर म्हणाले, "दोन्हींनी गुंगी येते. एकत्र घेतलं तर श्वास थांबू शकतो. पूड बंद करा."

शुद्धीवर आल्यावर आबांनी उलट गोळ्याच नाकारल्या. "मना भाऊनी धाडेल शे, ते इख कसं व्हई?" म्हणाले. भावाने पाठवलेली पूड विष असेल, हे त्यांना पटेना. आता दुखणं असह्य झालं की ते उशी चावतात आणि पूडच मागतात. मी ती लपवली, तर माझ्याशी बोलत नाहीत.

नाना, तुमच्या मायेनेच त्यांचा जीव जात होता, हे तुम्हाला कसं कळवू? हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर एवढंच म्हणेन की रिकाम्या हातांनी या, आणि त्यांना गोळी तुम्ही द्या. तुमच्या हातून ते घेतील ना?

तुमची पुतणी,
दिपमाला