चार बोटे माया

मी, खाली सही करणारी, अविवाहित, घरातली थोरली मुलगी आणि घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र आज माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर आहे. (याबद्दल आईचे मत वेगळे आहे, ते पुढे येईलच.) हे लिहायला माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आहे तो न लिहिण्याचा.

लिहिण्याचे कारण असे. आमची संस्था सीमेपलीकडच्या गरजू कुटुंबांसाठी गरम कपडे शिवते आणि पाठवते. शिवणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, गाठोडी बांधणाऱ्या आम्ही सगळ्याजणी बिनपगारी. उद्या सकाळी मुलांच्या कोटांचा ट्रक पलीकडे निघेल आणि त्यात मी असेन. पलीकडे सध्या गोळीबार थांबलेला आहे. तो पुन्हा सुरू होणार नाही असे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. म्हणून सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकाने आपल्यामागे काय करायचे ते लिहून ठेवावे, असा संस्थेचा नियम आहे. आमच्या ट्रकचे चालक, ज्यांना सगळे गाडीवाले मामा म्हणतात, दर खेपेला एकच वाक्य लिहितात: "असेल नसेल ते बायकोला, आणि तिने आरडाओरडा करू नये." मला एका वाक्यात जमले नाही.

१. या कागदाप्रमाणे सगळे होते की नाही हे मोठ्या बाईंनी पाहावे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे आणि आईचे सध्या बोलणे बंद आहे. तरी त्यांचेच नाव लिहिते, कारण भांडण झाल्यावरही आईच्या चहात साखर कमी घालायची असते हे त्या विसरल्या नाहीत. चहा त्या दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवतात, एवढेच.

२. माझे वडील शिंपी होते. ते काही लिहून न ठेवता गेले. त्यांचे शिवणयंत्र थोरले काका "सांभाळायला" म्हणून घेऊन गेले. आज त्यावर एक कुंडी आहे. ते यंत्र माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे ते मी कोणाला देऊ शकत नाही. पण काका, हे वाचले जाईल तेव्हा तुम्ही समोर बसलेले असाल, कारण वाटणीची बैठक तुम्ही कधी चुकवत नाही. तेव्हा ऐका. कुंडी उचला, यंत्राला तेल द्या आणि ते संस्थेच्या शिवणखोलीत आणून ठेवा. बाकी तुमच्यावर माझा राग निम्माच आहे. मला पदवी मिळाली त्या दिवशी सभागृहात सगळ्यात आधी उभे राहून टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. मागच्या रांगेतले लोक "बसा हो" म्हणत होते तरी तुम्ही बसला नाहीत.

३. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी. फक्त शिक्षणासाठी. "नाहीतरी ताईचं शिकून काय झालं" असे कोणी म्हणाले तर तिने हा कागद दाखवावा: शिकून हे झाले, की मला जे वाटते ते मी चार लोकांना कळेल असे लिहू शकले. खिडकीजवळची माझी जागा, दिवा आणि पुस्तके तिची. बाबांची मापाची टेपही तिची. त्या टेपचे सुरुवातीचे टोक झिजून गेले आहे, म्हणून माप पुढच्या इंचापासून धरायचे आणि शेवटी एक वजा करायचा. धाकटे, तू हे वजा करायला विसरतेस. लहान मुलांच्या कपड्यात ही चूक खपून जाते. मोठ्या बाईंच्या झंपरात खपली नव्हती.

४. माझे पदवीचे प्रमाणपत्र आईने चौकटीत घालून शिवणखोलीत इस्त्रीच्या टेबलावरच्या भिंतीला टांगले आहे. वाफेने त्याची एक बाजू फुगली आहे. ते तसेच राहू द्यावे. मात्र माझा फोटो त्याच्या शेजारी लावू नये. दोन चौकटी शेजारी दिसल्या की बायका हातातले काम सोडून हळहळत बसतील.

५. आता कोटांविषयी. हे कलम लांबणार आहे, कारण मी पलीकडे जात आहे ती याच्यासाठी.

शिवणाच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. मूल वाढले की टाके उसवायचे, आतले कापड बाहेर काढायचे, कोट पुन्हा अंगाला बसतो. दुकानच्या कपड्यात माया नसतेच, असली तर नखाएवढी. माझी आई कोटाच्या प्रत्येक कडेला आणि बाहीला चार बोटे माया सोडते. ज्यांना पुढच्या हिवाळ्यात आपण कुठे असू हे ठाऊक नाही त्यांच्या पोरांना कोट दोन-तीन हिवाळे तरी पुरला पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे आणि माझेही आहे.

मागच्या खेपेला आईने एक गोष्ट वाढवली. पलीकडच्या गावांमध्ये आपली भाषा वाचणारी माणसे आहेत. त्यांना कळावे म्हणून तिने प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी टाचली: "आत भरपूर माया आहे. उसवून काढावी."

पलीकडच्या चौकीवर आपली भाषा येणारा एक दुभाष्या आहे. तो ही भाषा वर्तमानपत्रे वाचून शिकला. वर्तमानपत्रात माया जमवतात ते लाच खाणारे लोक. त्याने चिठ्ठी वाचली, साहेबाला सांगितले की कोटांच्या आत भरपूर पैसा लपवलेला आहे आणि कुठून काढायचा तेही यांनीच लिहून दिले आहे. पहारेकऱ्यांनी एकूण एक कोट उसवला. आत कापडाशिवाय काहीच निघेना, तेव्हा त्यांचा संशय आणखी वाढला.

कोट शेवटी पोचले, पण कडा लोंबत. गाडीवाले मामांनी आम्हाला सांगितले, की एक मुलगी लोंबणाऱ्या कडेवर पाय पडून सारखी अडखळत होती, तरी कोट काढून द्यायला तयार नव्हती. हे ऐकल्यावर आईने कात्री खाली ठेवली आणि त्या दिवशी परत उचलली नाही.

मग बैठक झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, माया म्हणजे पैसा असाही अर्थ होतो!"

आई म्हणाली, "होत असेल तुमच्या शाळेत. शिवणखोलीत होत नाही."

"यापुढे साध्या कडा. एक बोट दुमडायचं आणि शिवायचं. चिठ्ठ्या बंद."

"चिठ्ठी चुकली, मान्य. पण त्या दुभाष्याला भाषा येत नाही, यात कोटाचा काय दोष?"

"दोष नाही हो. पण आता जाड कड दिसली की ते उसवणारच. पोराला थंडी आज वाजते, तुमची माया दोन वर्षांनी कामाला येणार."

दोघींचेही बरोबर होते. मी शिकलेली असूनही बाईंचे म्हणणे मला खोडता आले नाही आणि आईचे सोडवले नाही. म्हणून मी म्हणाले, की ट्रकबरोबर मी जाते. चौकीवर त्यांच्यासमोर एक कड मी स्वतः उसवीन, आत काय आहे ते दाखवीन, ती कशाला ठेवतात ते दुभाष्याला नीट सांगेन आणि तिथेच बसून शिवून देईन. साहेबाने मागितली तर दुसरीही. हवे तर त्याच्याच मुलाचा कोट आणायला सांगेन. माणसाला एकदा कळले की तो पुन्हा पुन्हा उसवत बसणार नाही, असा माझा विश्वास आहे. मामा हसले. म्हणाले, "ताई, तुमचा विश्वास गाडीत मावेल ना? आधीच माल जास्त झालाय." पण पुढच्या सीटवरची त्यांची घोंगडी त्यांनी त्याच दिवशी मागे टाकली.

घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "माझी माया गेली खड्ड्यात. कापून टाकते सगळ्या कडा. तू घरी थांब."

जी मोठ्या बाईंपुढे हटली नाही ती माझ्यापुढे हटली, आणि मला ते सहन झाले नाही. ती उठली तोवर मी कात्री लपवली होती. दुसऱ्या दिवशी मामांनी तिला विचारले, "काय वहिनी, माया सोडलीत म्हणे?" आई म्हणाली, "कोटातली की हिच्यावरची?" मामा म्हणाले, "तेच विचारतोय." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते: दोरा दे, दिवा सरकव, बाजूला हो.

तेव्हा माझी इच्छा अशी: मी परत आले नाही तरी माया सोडणे बंद करू नये. चौकीवर काय झाले ते मामा सांगतील. उसवलेच तर पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणीतरी सुई-दोरा घेऊन जावे. आणि चिठ्ठीवर "माया" हा शब्द लिहू नये. "जादा कापड" लिहावे. हा शब्द आईला आवडत नाही, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

६. माझ्यामागे माझे इतर जे काही उरेल, म्हणजे कपडे, सायकल, घड्याळ, आणि लपवलेली कात्री, ते सगळे आईला द्यावे.

हे कलम रद्द. कारण लिहिते.

हा कागद मी आईच्या कापडे बेतायच्या टेबलावर बसून लिहीत आहे, दुसरी मोकळी जागा घरात नाही. आई इस्त्री करत होती. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक गाडीवाले मामा, ते दारात येऊन बसले आहेत. मोठ्या बाईंना व्यवस्था पाहायची आहे, म्हणून दुसरी साक्षीदार शेजारच्या काकू असाव्यात असे मी मामांना म्हणाले.

आई इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "शेजारीण कशाला? मी काय मेले?"

"आई, तूच तर म्हणालीस, या कागदाला हात लावणार नाही."

"म्हणाले असेन."

"आणि तुला चालणारही नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. वकिलांनी सांगितलंय."

"मग मला काही देऊ नकोस."

"सगळंच तुला दिलंय."

"खोड ते."

मी विचारले, "सही करतेस म्हणजे मी जावं असं तुला वाटतं का?"

"सही म्हणजे सही. तू लिहिलंस ते मी पाहिलं. वाटण्याचं कोण विचारतंय इथे?"

म्हणून मी कलम सहा खोडले. त्यात लिहिलेले सगळे आता धाकटीचे, कात्री सोडून. कात्री माझी कधीच नव्हती, ती आईचीच आहे, म्हणून ती इथे मोजायची नाही. ती पिठाच्या डब्यात तळाशी आहे. हे मी तिला आत्ताच तोंडाने सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे. रोज पीठ मी काढते."

म्हणजे कात्री कुठे आहे हे तिला सगळे दिवस माहीत होते, आणि तिने एकही कड कापली नाही.

७. पलीकडेच माझे काही बरेवाईट झाले तर मला आणण्यासाठी ट्रक किंवा माणूस धोक्यात घालू नये. ट्रक कोटांसाठी आहे. जिथे असेन तिथल्या लोकांना त्यांच्या रीतीने काय ते करू द्यावे. रडायचे असेल त्याने रडावे, मामांच्या बायकोवर घातलेली बंदी मला पटत नाही.

८. इथे मी सही करणार होते. आईने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटच्या ओळीखाली आडवी बोटे ठेवली. दोनच बोटे मावली.

"इथे माया कुठंय?"

"कागदाला कशाला हवी?"

"वाढायचं नाहीये का हे? परत येशील तेव्हा काही लिहावंसं वाटलं तर कुठे लिहिशील? चिंधी जोडणार?"

मी तिला समजावले, की मृत्युपत्रात कोरी जागा सोडू नये, मागून कोणीही काहीही घुसडेल. ती म्हणाली, "मग तसं लिही त्यात. तू शिकलेली आहेस ना?" आणि नवा कागद पुढे सरकवला. जागा सोडल्याशिवाय ती सही करणार नव्हती, म्हणून हे शेवटचे पान मी पुन्हा लिहिले आहे.

तरी स्पष्ट करते की या कलमाखाली चार बोटे जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. ती आईच्या बोटांनी मोजली आहे. त्या जागेत माझ्याखेरीज कोणी एक अक्षर जरी लिहिले तरी ते खोटे समजावे. मी लिहीन ते परत आल्यावर, याच टेबलावर बसून.




वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, तो मला मान्य आहे.

सही: लिहून ठेवणारी, घरातली थोरली

ठिकाण: आईचे बेतायचे टेबल
दिनांक: ट्रक निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी

साक्षीदार पहिला: गाडीवाला मामा. माझ्यासमोर सही केली. मी नीट नेईन, नीट आणीन. हे लिहायचं नसतं असं ताई म्हणतात, तरी लिहिलं.

साक्षीदार दुसरी: आई. माझ्यासमोर सही केली. हिने मला या कागदात काहीही दिलेले नाही. परत येऊन द्यावे.