वारा पडल्यावर

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलंय ते हाताच्या सवयीनं. त्यात फार काही शोधू नकोस. फोनवर मी तोंड उघडलं की तू 'तुला त्यातलं काही कळत नाही' म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. पत्राचं तसं करता येणार नाही. रविवारी तू गाडी घेऊन आईला वृद्धाश्रमात पोचवायला येणार आहेस ना? त्याआधी हे वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

मला इथं आईकडे बोलावलंस तेच मुळी आवराआवर करायला. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, वारा सुटला की तिला घरातले दिवे थरथरताना दिसतात, फ्रिज कण्हतो म्हणते, आता तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, हे सगळं तू इतक्या शांतपणे सांगितलंस की शंका घ्यायला जागाच नव्हती. आणि विजेच्या बाबतीत तुझ्यावर शंका घ्यायची कुणी? एवढा मोठा वायरिंगचा ठेकेदार तू! या घराचं वायरिंगही तूच केलेलं. मी आले आणि तू बजावलं होतंस तशीच आईशी मोठ्यानं, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत राहिले. ती हो हो करत राहिली.

मग तीन दिवसांपूर्वी दुपारी वारा सुटला. खिडक्या आपटायला लागल्या. मी कपड्यांना इस्त्री करत होते, आणि डोक्यावरचा दिवा एकदम मंद झाला, परत पेटला, परत मंद. आतून फ्रिजचा तो आवाज आला. कण्हल्यासारखाच, दादा, दुसरा शब्द नाही त्याला. मी आईकडे बघितलं. ती दिव्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं विचारलं, तुला दिसलं? मी म्हटलं, दिसलं. त्यासरशी ती हुंदके देऊन रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. म्हणाली, मला वाटायला लागलं होतं गं, की मी खरंच वेडी झाले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवलास तू तिचा. मला तुझा इतका राग आला की इस्त्री तशीच कापडावर राहिली.

तू तपासायला यायचास हे मान्य. पण कधी? वारा पडल्यावर. वाऱ्यात शिडीवर चढायचं नसतं हा तुमच्या धंद्याचा नियम मला ठाऊक आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण मग यायचं, बटणांच्या पाटीला टेस्टर लावायचा, सगळं ठणठणीत आहे म्हणायचं आणि चहा पिऊन निघायचं! घरात दोष नाही, म्हणजे दोष आईत. काय पण हुशारी! तिनं बिचारीनं दुसऱ्या वायरमननाही बोलावून पाहिलं. ते दारातूनच परत फिरले. एकानं केलेलं काम त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं उघडायचं नाही, ही तुमची रीत. विचारायला त्यांनी तुलाच फोन केले आणि तू हसत हसत सांगितलंस, म्हातारीचं मनावर घेऊ नका. हेही मला त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं. अख्ख्या बाजारात आईला वेडी ठरवून मोकळा झालास.

म्हणून परवा मी वीज कंपनीच्या लाइनमनला बोलावलं. त्याला तुझी भीडभाड असण्याचं कारण नव्हतं. माणूस तिरसट होता, आल्या आल्या आमच्यावरच खेकसला की इतके दिवस काय झोपला होतात का. वारा अजिबात नव्हता. त्यानं लांब दांडा घेतला आणि खांबावरून घरात येणारी वायर नुसती हलवली. आत दिवे नाचायला लागले! मग खांबावरून वीज बंद करून तो शिडी लावून वर चढला. वायर भिंतीपाशी येते तिथला जोड त्यानं सोडला. टेपाखाली सगळं काळं, जळकं. अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून वर टेप गुंडाळलेला. वायर वाऱ्यानं हलली की पीळ सुटायचा, ठिणग्या उडायच्या, वारा थांबला की परत चिकटायचा. एक दिवस घर पेटलं असतं, तो म्हणाला. घरातला मीटर तू बाहेरच्या भिंतीवर हलवलास तेव्हाचा तो जोड. तात्पुरता मारलाय, नंतर नीट करतो म्हणाला होतास. आठवतंय? की तुझ्याही डोक्यावर परिणाम झालाय?

हा गाढवपणा कुणाचा, असं लाइनमननं विचारलं. मी तुझं नाव घ्यायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आई पुढं झाली. म्हणाली, कोण जाणे बाबा, कुणीतरी जुना वायरमन होता, मला हल्ली लक्षात राहत नाही. तिला लक्षात राहत नाही! त्या दिवशी शिडी तिनंच धरली होती, तुझ्या अंगात कुठला शर्ट होता तेसुद्धा तिनं मला नंतर सांगितलं. पण लाइनमननं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि मान हलवली. त्यानं जोड नीट करून दिला. कालचा अख्खा दिवस वारा घोंघावत होता, दिवा जरासुद्धा हलला नाही.

आणि तरी आई रविवारसाठी तिची बॅग भरतेय. मी ओरडले, भांडले, बॅग रिकामी केली. तिनं परत भरली. तिचं म्हणणं असं, की आता ती इथंच राहिली तर लोक विचारतील, म्हातारी एकाएकी बरी कशी झाली? मग जोड निघेल, तुझं नाव निघेल, आणि जो स्वतःच्या आईचं घर धड जोडत नाही त्याला काम कोण देईल? त्यापेक्षा मी विसरभोळी बरी, म्हणते. तुझ्या अब्रूसाठी ती स्वतःचं घर सोडून वेडी म्हणून जायला तयार आहे. वर मला शपथ घातलीय, त्याला यातलं काही कळवू नकोस, त्याला फार लागेल.

म्हणून कळवतेय.

तुझीच, दुसरा भाऊ नाही म्हणून,
धाकटी