गणित मेंढीनं खाल्लं

८ ऑक्टोबर

पहिलं पान फसलं. तालुक्याला, भूमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं — एका धड्यातलं महत्त्वाचं तेवढं एकाच पानावर आणा, ते पान मुलांजवळ कायम राहू द्या. मी परिसर अभ्यासातल्या पाण्याच्या धड्याचं पान केलं आणि त्यात अख्खा धडाच कोंबला! चौथीच्या पोरांनी बघितलं, घडी घातली, दप्तरात टाकलं. शंभूनं विमान केलं.

आमची दोन शिक्षकांची वस्तीशाळा. मुख्याध्यापक रामकिसन सर पहिली-दुसरी घेतात, मी तिसरी-चौथी. सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "मॅडम, ह्यापेक्षा गाईड बरं."

राग आला. पण खोटं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

जमलं!

काय घालायचं याचाच विचार करत होते. खरा विचार करायचा होता तो काय गाळायचं याचा. मोजके शब्द, त्यांचे सोपे अर्थ, मधोमध एक चित्र, मागच्या बाजूला प्रश्न. संपलं. आणि तळाशी एक ओळ — 'हे घरी कुठं दिसतं?' ही ओळ शंभूमुळं सुचली. 'बाष्पीभवन' त्याला अर्थासकट घडाघडा येत होतं. विचारलं, मग दोरीवरचा सदरा कसा वाळला? म्हणाला, "आईनं वाळवला."

प्रशिक्षणातलं नाव 'नॉलेज ऑर्गनायझर'. ते कुणाच्याच तोंडात बसेना. पोरं म्हणतात 'एकपानी'. सकाळी आल्या आल्या जोड्या करायच्या, पान झाकायचं, एकमेकांना विचारायचं. आज एवढा गलका झाला की रामकिसन सर दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते मात्र.

२४ ऑक्टोबर

करिश्माबद्दल लिहायचंय.

तिचे वडील सिदूभाऊ मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढ्यांमागं निघतात — सीना नदीच्या काठानं, पुढं करमाळ्याकडं. आई कोंडाबाई आणि करिश्माही सोबत. गेल्या वर्षी ती एप्रिलात परत आली तेव्हा वर्ग कुठल्या कुठं गेलेला. भिंतीला टेकून बसायची. पुस्तक उघडं, पण पान भलतंच. मी विचारलं की मान खाली.

ह्याच पोरीनं आज जोडीच्या खेळात राजनंदिनीला हरवलं. राजनंदिनी म्हणजे वर्गात पहिली येणारी! शाळा सुटल्यावर करिश्मा मागं रेंगाळली. "मॅडम, दिवाळीच्या म्होरची पानं आत्ताच देता का? म्या नसंन तवा लागत्याल."

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं सुचलं.

पालकसभेत सिदूभाऊ सरळ बोलले होते, "चौथीपत्तुर शिकू द्या. मग हायेतच मेंढरं." म्हणजे हे शेवटचं वर्ष.

१३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी पानांत गेली. मराठी, इंग्रजी, गणित, परिसर, इतिहास — उरलेल्या सगळ्या धड्यांची. आई म्हणाली, "फराळाला तरी हात लाव गं." चकली खात खात अपूर्णांकांचं चित्र काढलं, पानाला तेल लागलं, परत काढलं.

आज सर सहज आल्यासारखे आले आणि पिशवीतून कागद काढला. 'नकाशा आणि खुणा' या धड्याचं पान. स्वतः केलेलं! अक्षर काय सुंदर आहे सरांचं. "जमलंय का बघा," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत बसले. इतकं नेटकं की मला एक शब्द हलवावासा वाटला नाही.

बाजारात जाऊन सगळ्या पानांवर प्लास्टिक चढवून आणलं. गणिताचं शेवटचं पान तेवढं राहिलं, लाईट गेली.

१४ नोव्हेंबर

गेले. घोड्यावर भांडी, कोंबड्या, जाळीत नुकती जन्मलेली कोकरं. करिश्मानं पानं घोंगड्याच्या घडीत ठेवली. कोंडाबाईंनी फोन पुढं केला, "तुमचा लंबर घाला ह्यात."

सिदूभाऊ हसत होते. "मॅडम, तिथं हिला इचारणार कोण? आमा दोघांना अक्षर येत न्हाय."

करिश्मा म्हणाली, "तुमी निस्ता पान धरा. म्या पाठ फिरवून सांगते. चुकलं का न्हाय ते मागनं म्याच बघंन."

वळणापर्यंत हात हलवत होती.

५ डिसेंबर

भर वर्गात फोन! कोंडाबाईंच्या फोनवरून करिश्मा. स्पीकर लावला, पोरं टेबलाभोवती गोळा.

"मॅडम, इतिहासाच्या पानावर गनिमी कावा हाय. अर्थ पाठ झाला. पण आबा म्हणतेत लांडगाबी आसंच करतो. एक जण म्होरनं भुलवतो, दुसरा मागनं कोकरू उचलतो. हे बरोबर हाय का?"

आबा म्हणजे सिदूभाऊ. पोरं आधी हसली. मग दोन गट पडले आणि वाद सुरू. शंभू म्हणे, मावळ्यांना लांडगा कसं म्हणता? राजनंदिनी म्हणे, म्हणत नाही, युक्ती सारखी आहे म्हणतोय. तास संपला तरी थांबेनात. असा इतिहासाचा तास मी आजवर घेतलेला नाही. आजचाही मी घेतला नाही म्हणा!

९ जानेवारी

तीन आठवडे झाले, फोन लागत नाही. पोरं रोज विचारतात. मी म्हणते, रेंज नसेल. मलाही तेच वाटावं म्हणून परत परत म्हणते.

६ फेब्रुवारी

आला! फोन आला!

रेंजच नव्हती. दुसऱ्या शिवारात वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, पडला होता. आवाज मात्र रडवेला. "मॅडम, गणित मेंढीनं खाल्लं."

ते प्लास्टिक न चढवलेलं पान. अपूर्णांकांचं. घोंगडं वाळत घातलं होतं, पान खाली पडलं, आणि संपलं. मागं सिदूभाऊंचं हसू ऐकू येत होतं, त्यावर ती आणखी चिडत होती.

म्हटलं, थांब, वर्ग सांगेल, तू वहीत उतरव. माझ्याजवळचं पान मी मुद्दाम उलटं ठेवलं. एकेकानं आठवून सांगितलं — अंश कशाला म्हणतात, छेद कशाला, समान भाग का हवेत. कुणी अडकलं की दुसरा उचलायचा. शंभूनं भाकरीवरून सममूल्य अपूर्णांक समजावला. शंभूनं! "एका भाकरीचे दोन तुकडे करून एक खाल्ला काय आन् चार करून दोन खाल्ले काय, पोट तेवढंच भरतंय."

पलीकडं ती लिहीत होती. मग, "लिवलं. कळलंबी."

पूर्ण पान पोरांनी परत उभं केलं. सर पहिली-दुसरीला घेऊन मागं उभे होते. जाताना म्हणाले, "मी पाठांतर समजत होतो हो ह्याला."

आज पाय जमिनीवर नाहीत.

२७ मार्च

सिदूभाऊंचा फोन. मेंढ्या विताहेत, एका दिवसाला दोन-दोन, तीन-तीन. सोडून येता येत नाही. "पेपर ह्या साली ऱ्हाऊ द्या मॅडम. लिवायवाचाय आलं, लई झालं."

मी बरं म्हणाले. बरं का म्हणाले?

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सिदू, मी रामकिसन बोलतोय. तू येऊ नको. तुझा वाडा कुठं बसलाय तेवढं सांग, पोरगी न्यायला मी येतो."

पलीकडून बारीक आवाजात, "तुमी कशाला सर, एवढ्या लांब..."

"गाव सांग."

सांगितलं.

५ एप्रिल

आणली सरांनी! काल पहाटे एसटीनं गेले, आज दुपारी भूमच्या स्टँडवर उतरले. मी घ्यायला गेले होते. सर केसांपर्यंत धुळीनं माखलेले, हातात कोंडाबाईंचं गाठोडं, पुढं करिश्मा, मागं कोंडाबाई. उंच झालीय. काळी झालीय. मला बघितल्यावर पळत आली आणि एक हात अलीकडं थांबली, लाजली. मीच ओढून घेतली.

सर सांगत होते, एसटीत बसल्या बसल्या हिनं पान त्यांच्या हातात दिलं. थोड्या वेळानं पान काढून घेतलं आणि म्हणाली, आता म्या इचारते, तुमी सांगा. "दोन चुकलो मॅडम. बार्शी येईपर्यंत सोडलं नाही हिनं. कंडक्टरलाही एक विचारला."

कोंडाबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या.

२४ एप्रिल

पेपर तपासून झाले. करिश्मा पहिली नाही, दुसरीही नाही. मध्ये कुठंतरी आहे. इंग्रजीची स्पेलिंगं धड नाहीत. पण एकही पान कोरं सोडलेलं नाही — गेल्या वर्षी सगळी कोरीच होती.

नकाशाच्या प्रश्नात शाळेचा परिसर काढायचा होता. तिनं आपली वाट काढली! नदी, विहीर, देऊळ, सगळं नेमून दिलेल्या खुणांनी. एक खूण स्वतःची, खाली अर्थ लिहिलेला — 'इथं फोन लागतो.' प्रश्नात मागितलं नव्हतं, तरी पूर्ण गुण दिले. सरांना दाखवलं. म्हणाले, "जास्तीचा एक देता येत नाही का?"

आज मायलेकी परत वाड्यावर गेल्या. पाचवीचं विचारायचं ठरवून बसस्टँडवर गेले होते. उसाचा रस पाजला. विचारलं नाही. हो-नाही काहीही आलं असतं, आणि मला आज फक्त आनंदात राहायचं होतं.

१६ जून

शाळा उघडली. सिदूभाऊ आले. मागं करिश्मा, आणि तिच्या मागं मी कधीच न पाहिलेली पाच पोरं.

"वाड्यावरची हायेत, आमच्या भावकीतली. कुठल्याच शाळंत नाव न्हाय ह्यांचं. हिनं पानं शिकवली समद्यास्नी. आता ऐकंनात." कोंडाबाई या सगळ्यांना घेऊन गावातच राहणार, मेंढ्यांमागं फक्त गडी जाणार. करिश्मा भूमला, पाचवीत.

मी समजत होते, मी एका मुलीला शिकवतेय.

नावं लिहायला घेतली, तर त्यांतल्या थोरलीनं माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि आपलं नाव आपणच लिहिलं.

सतरंजी पुरली नाही आज.